सावळदऱ्याचे चौदा कॅन

“चालू हत्याराला हळद-कुंकू लावायचं नसतंय,” पिराजीमामा म्हणाले आणि त्यांनी पूजेचं तबक माझ्या टेबलावर ठेवलं. “आमी बॉयलर बंद केला, पंप बंद केलं, वजनकाटा बंद केला. तुमच्या मशीनींचंच एवढं काय लाड?”

“मामा, गेल्या वर्षी चालू मशीनवरच कुंकू लावलं की.”

“म्हणून तर वर्षभर कटकट झाली.”

खंडेनवमीचा दिवस, दुपारचे सव्वातीन. सकाळचं दूध केव्हाच टाक्यांत गेलेलं, संध्याकाळच्या पहिल्या टेम्पोला अजून तासभर होता. मी म्हटलं, चला, होऊ दे मामांच्या मनासारखं. आणि संघाच्या आठही कॉम्प्युटरांची बटणं मी माझ्या हाताने बंद केली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि आमच्या तालुका दूध संघाची एकमेव कॉम्प्युटरवाली होते. दूध कुठल्या गावच्या संस्थेचं, त्यात कुठल्या सभासदाचं किती लिटर, फॅट किती, हे सगळं नोंदवणारा प्रोग्रॅम मी एकटीने लिहिलेला. त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. ‘स्नेहल मगदूम’ अशी टेबलावर पाटीसुद्धा मी स्वतःच करून आणली होती.

पिराजीमामा हे डॉकचे प्रमुख. डॉक म्हणजे टेम्पोतून कॅन उतरतात तो लांबलचक ओटा. सव्वीस वर्षं कॅन उचलून त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे झाले होते. कॉम्प्युटर आला तेव्हा “या डबड्याला दूध कळतंय व्हय?” म्हणून सगळ्यांत जास्त बोंब त्यांनीच मारली होती. आणि तीन वर्षांत त्या डबड्याचे सगळ्यांत मोठे भक्तही तेच झाले. आठही मशीनना त्यांनी झेंडूची माळ घातली, प्रत्येक पडद्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, नारळ फोडला. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही आठही मशीन एकदम चालू केल्या.

आठही पडद्यांवर ‘कृपया थांबा’ अशी अक्षरं आली आणि तिथेच राहिली.

साडेचारला पहिला टेम्पो लागला. डॉकवरच्या पोराने संस्थेचा नंबर टाकला. काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तोवर मागे अजून सात टेम्पो येऊन उभे राहिले. आमच्याकडे नियम असा की मशीनमधून चिठ्ठी निघाल्याशिवाय एकही कॅन ओतायचा नाही. एकदा ओतलं की सगळ्यांचं दूध एकाच टाकीत मिसळतं, मग कुणाचं चांगलं आणि कुणाचं नासकं हे देवाला तरी कळेल का? ‘चिठ्ठीशिवाय कॅन ओतू नये’ ही भिंतीवरची लाल अक्षरंही माझ्याच हट्टाने रंगवलेली.

“कीबोर्डमधी कुंकू गेलंय,” कुणीतरी म्हणालं.

“आठच्या आठ कीबोर्डमध्ये?” मी खेकसले.

“बंद करून चालू करा की,” दुसरा म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने केलंसुद्धा. हे औषध मीच सगळ्यांना शिकवलं होतं. काही अडलं की मला हाक मारण्याआधी एकदा बंद करून चालू करायचं. तीन वर्षांत निम्म्या तक्रारी त्यानेच मिटल्या होत्या. त्या दिवशी मात्र डॉकवर, लॅबमध्ये, ऑफिसात, जो तो दर दहा मिनिटांनी बंद करत होता, चालू करत होता आणि पडदा काही हलत नव्हता.

मॅनेजर इंगवले साहेब रुमालाने मान पुसत आले. माणूस देवमाणूस, पण घाबरट. आवाज कधी चढायचा नाही, रक्तदाब मात्र कायम चढलेला.

“स्नेहल, काय झालंय?”

“बघते साहेब.”

“बघते म्हणजे किती वेळ? ऑक्टोबरचं ऊन आहे. रांग गेटापर्यंत गेली. मी कागद काढू का?”

कागद म्हणजे जुनी पद्धत. प्रत्येक कॅन लॅबने हाताने तपासायचा, वहीत लिहायचा, मग ओतायचा. मी मनात हिशेब केला. सगळी रांग संपायला रात्रीचे साडेनऊ वाजले असते. पुढच्यांचं दूध टिकलं असतं, शेवटच्यांचं नासलं असतं.

आणि शेवटी कोण आहे हे मला न बघताही माहीत होतं. सावळदरा. अडतीस किलोमीटर घाटातला रस्ता, गावात दूध थंड करायची सोय नाही, त्यामुळे त्यांचा टेम्पो कायम शेवटचा. चौऱ्याऐंशी बायकांची संस्था, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली. त्यांचं दूध गेल्या महिन्यात दोनदा नासकं निघून परत गेलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांच्या नावापुढे लाल शेरा पडला होता, ‘कॅन अस्वच्छ’. तिसरा शेरा पडला की संघ तिकडे टेम्पो पाठवणं बंद करणार, असं पत्रही गेलं होतं. ते पत्र मीच टाइप केलं होतं.

त्यांचा टेम्पो पाचच्या सुमाराला गेटाशी येऊन थांबला. संस्थेच्या अध्यक्षा काशीबाई डोणे, सगळे त्यांना काशाक्का म्हणत, त्या स्वतः टेम्पोबरोबर आल्या होत्या. दुसऱ्या शेऱ्यानंतर त्या रोजच यायच्या. पन्नाशीची, काटक बाई, बोलणं थेट. त्या चालत डॉकपर्यंत आल्या.

“पोरी, आमचा नंबर कवा लागल?”

“आक्का, जरा अडलंय.”

“ते दिसतंयच. माझं चौदा कॅन हायत. उन्हात उभं हायत.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आज परत गेलं तर संपलं आमचं. तुला ठावं हाय न्हवं?”

“ठाऊक आहे.”

त्यांचे कॅन मध्येच पुढे आणावेत असं माझ्या मनात आलं. पण गेटापासून डॉकपर्यंतची गल्ली एवढी अरुंद की मागचा टेम्पो पुढे येऊच शकत नव्हता. आणि हाताने कॅन आणून मध्ये घुसवले असते तर उन्हात ताटकळलेल्या बाकी रांगेने आम्हाला फाडून खाल्लं असतं.

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. खोली कसली, तुपाचे डबे ठेवायची जुनी कोठडी ती. सगळ्या नोंदी तिथल्या मोठ्या मशीनवर असायच्या आणि बाहेरच्या आठ मशीन तिला विचारून कामं करायच्या. ती आत काय करते आहे याची यादी मी उघडली. अक्षरं सरसर वर जात होती. त्यात एक आकडा सारखा दिसत होता. इंडेक्स बांधतो आहे, अठ्ठावीस टक्के. एकोणतीस. तीस.

इंडेक्स म्हणजे काय, हे मी पिराजीमामांना एकदा त्यांच्या भाषेत सांगितलं होतं. मामा, साठ गावांचे कॅन कसेही ठेवले तर सतरा नंबरचा कॅन शोधायला प्रत्येकाचं झाकण बघावं लागेल. पण नंबरवार लावून ठेवले तर डोळे झाकून हात घालाल. तसं ते नंबरवार लावणं. ते झालेलं असलं की मशीनला नोंद क्षणात सापडते. ते नसलं की प्रत्येक गावासाठी तीन वर्षांच्या नव्वद लाख नोंदी एकेक करून उलगडायच्या.

पण इंडेक्स तर बांधलेला होताच. आता पुन्हा का बांधतंय?

एकतीस टक्के. बत्तीस.

बाहेरून मामांचा आवाज आला, “दोन नंबरचं परत चालू केलंय बगा!”

आकडा शून्यावर आला.

मी डोळे चोळले. एक टक्का. दोन टक्के. मी खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिले. अकरा टक्क्यांना लॅबमधून रुबिना ओरडली, “म्याडम, मी रीस्टार्ट केलं!” आणि आकडा पुन्हा शून्य.

आणि मला सगळं कळलं.

तीन वर्षांपूर्वी वीज गेल्याने एकदा इंडेक्स बिघडला होता आणि मी दिवसभर डोकं फोडत बसले होते. पुन्हा असं व्हायला नको म्हणून मी प्रोग्रॅममध्येच एक ओळ घातली. प्रोग्रॅम चालू झाला की जुना इंडेक्स पाडून टाकायचा आणि नवा कोरा बांधायचा. तेव्हा नोंदी दोनेक हजार होत्या, डोळ्याची पापणी लवायच्या आत काम व्हायचं. त्या ओळीवर मी इतकी खूश होते की घरी आईला जेवताना सांगितलं होतं. पुढे आमच्या सगळ्या मशीन एकदम कधी बंदच झाल्या नाहीत, इन्व्हर्टरवर दिवसरात्र चालायच्या; एखादी बंद-चालू झाली तर जरा वेळ हळू चालायचं, एवढंच. नोंदी नव्वद लाखांवर गेल्या, आणि माझी ओळ तशीच बसून राहिली. आज पूजेसाठी आठही मशीन बंद झाल्या आणि एकदम चालू झाल्या. आठ मशीननी आठ वेळा हुकूम सोडला, पाडा आणि बांधा. वर आम्ही सगळे मिळून, अडलं म्हणून, दर दहा मिनिटांनी तोच हुकूम पुन्हा देत होतो.

माझी चूक. दुसऱ्या कुणाची तसूभरही नाही.

वेळ मोजला. कुणी मध्ये हात घातला नाही तर इंडेक्स पुरा व्हायला बावीस मिनिटं. घड्याळात पाच चाळीस झाले होते. केबल उपटाव्यात असं वाटलं, पण केबल काढली की बाहेरचे आठही प्रोग्रॅम बंद पडणार, ते पुन्हा चालू करावे लागणार, आणि चालू केले की पुन्हा शून्य. ती ओळच आत्ता काढून टाकावी का? घाईघाईत लिहिलेल्या एका ओळीने आधीच हे दिवस दाखवले होते. न तपासता दुसरी लिहायची माझी छाती झाली नाही. एकच उपाय होता. बावीस मिनिटं कुणीही काहीही करायचं नाही.

मी डॉकवर धावत गेले आणि एका पालथ्या कॅनवर उभी राहिले.

“ऐका! आत्तापासून कुणीही कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही. बटण नाही, कीबोर्ड नाही, काही नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी सगळं चालू होईल.”

“म्हंजे बावीस मिनिटं नुसतं बघत बसायचं?” एक टेम्पोवाला ओरडला. “हिकडं दूध तापलंय!”

“हो. नुसतं बसायचं.”

“कशापायी?”

कशापायी ते मी सांगितलं नाही. भीती वाटली, खरं सांगते.

इंगवले साहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “आणि नाही झालं तर? बावीस मिनिटं फुकट जातील. मग कागदावर घेऊनही मागचे पाच-सहा टेम्पो हातचे गेले.”

“नाही झालं तर दसऱ्यानंतर मी कामावर येणार नाही.”

“त्याने दूध टिकत नाही, स्नेहल.”

खरंच होतं ते. साहेबांनी रुमाल काढला, घडी केली, खिशात घातला, परत काढला. मग पिराजीमामा मध्ये आले.

“साहेब, पोरगीचं तोंड बगा. तिला काय तरी घावलंय.” आणि डॉककडे वळून त्यांनी आवाज टाकला, “ए, उठा मशीनीपास्नं! सगळी हिकडं येऊन बसा. हात मांडीवर. जो उठल त्येला मी कॅनात घालून झाकण लावीन!”

आणि खरोखर, डॉकवरची अकरा माणसं ओट्यावर ओळीने मांडी घालून बसली. लॅबमधून रुबिना आली, ऑफिसातले दोघं आले. मामा त्यांच्यासमोर छडी घेतलेल्या मास्तरासारखे उभे. एरवी मला पोट धरून हसू आलं असतं. मी कोठडीत परतले.

वीस टक्के. तीस. शून्य होत नव्हतं. चव्वेचाळीस. बाहेर गलका वाढत होता, टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. साठ टक्क्यांना साहेब दारात येऊन उभे राहिले. त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि ते तो कापत होते.

“चेअरमनसाहेबांचा आहे,” ते म्हणाले. “त्यांना काय सांगू?”

“चौदा मिनिटं झाली, आठ राहिली म्हणून सांगा.”

“मी फोनच उचलत नाही,” ते म्हणाले, आणि तुपाच्या डब्यावर बसून माझ्याबरोबर आकडा बघू लागले. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला आयुष्यभर मानलं.

पंच्याऐंशी टक्क्यांना मी मनातल्या मनात मशीन मोजल्या. डॉकवर चार, लॅबमध्ये दोन, ऑफिसात एक. सात. आठवी?

गेट!

गेटवरच्या केबिनमध्ये महादू कारकून बसायचा, डॉकपासून दोनशे पावलं लांब. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. फोन केला तर उचलेना. साहेबांना “इथून हलू नका” म्हणून मी पळत सुटले. टेम्पोंच्या रांगेतून, चिखलातून, एका कॅनच्या कडीत ओढणी अडकली ती तशीच फाडून. डोक्यात एकच. महादूने बटण दाबलं असेल. महादू आता दाबत असेल.

केबिनच्या दारात काशाक्का उभ्या होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हात चौकटीला लावलेले. बाहेर महादू लाल चेहऱ्याने हातवारे करत होता.

“म्याडम, बरं झालं आला! ही बाई मला माझ्याच खुर्चीवर बसू देईना! मशीन अडलंय, बंद करून चालू करतो म्हणतोय, तर आत पाऊल टाकू देत न्हाई! तिकडं माझा फोन वाजतोय, त्यो बी घेऊ देईना!”

“आक्का, तुम्ही इथं कशा?”

“तू कॅनवर उभी राहून बोललीस न्हवं, तवा मी तितंच हुते. कुणी हात लावायचा न्हाई म्हनलीस. हिकडं परत आले तर हा गडी बटणाकडं हात घालायलेला.” त्यांनी महादूकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. “माझं चौदा कॅन हायत भाऊ. तुझी खुर्ची काय पळून जात न्हाई.”

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. रांगेत सगळ्यांत जास्त ओरडायचा हक्क ज्या बाईचा होता, ती दार अडवून गप्प उभी होती. कारण मी सांगितलं होतं. आणि चूक माझी होती हे तिला माहीत नव्हतं.

सहा वाजून तीन मिनिटांनी डॉककडून आवाज आला. आधी एक चिठ्ठीयंत्र करकरलं, मग दुसरं, मग चारही. पाठोपाठ अकरा माणसांनी अशी आरोळी ठोकली की गेटवरचे कावळे उडाले. केबिनमधल्या पडद्यावर, कुंकवाच्या टिळ्याखाली, ‘कृपया थांबा’ पुसलं जाऊन संस्थांची यादी आली. महादूने ती वाचली आणि काशाक्कांना हात जोडले.

मग काय विचारता! पिराजीमामांचा डॉक म्हणजे डॉक. एका गावाला चाळीस सेकंद, त्याहून जास्त नाही. कॅन उतरतोय, सॅम्पल जातंय, चिठ्ठी निघतेय, दूध ओतलं जातंय, रिकामा कॅन परत. मामा स्वतः दोन-दोन कॅन उचलत होते. टेम्पोवाल्यांच्या शिव्यांची जागा शिट्ट्यांनी घेतली. रांग भराभर संपत होती, आणि मी कोठडीत परत येऊन सकाळपासूनचीच नव्हे तर मागची सगळी यादी उलटी वाचत होते. एक शंका डोक्यात शिरली होती आणि ती खोटी ठरावी असं मला मनापासून वाटत होतं. ती खोटी ठरली नाही.

सात वाजायच्या सुमाराला सावळदऱ्याचे कॅन उतरले. लॅबच्या खिडकीशी गर्दी झाली. रुबिना मुलाणी ही आमची लॅबवाली, हाताची पक्की. दूध टिकलंय का हे बघायची साधी चाचणी असते. प्रत्येक कॅनमधलं घोटभर दूध काचेच्या नळीत घ्यायचं आणि ज्योतीवर उकळायचं. गाठी धरल्या की दूध परत.

पहिली नळी. उकळी आली, रुबिनाने नळी तिरकी करून काचेवरून दूध ओघळू दिलं. स्वच्छ.

दुसरी. तिसरी. काशाक्का प्रत्येक नळीला नुसता श्वास आत घेत होत्या. नवव्या नळीला रुबिना थांबली, दिव्याजवळ नेऊन तिने ती पुन्हा बघितली.

“चांगलंय,” ती म्हणाली. “साय होती.”

बारा. तेरा. चौदा.

“चौदाच्या चौदा पास!” रुबिना ओरडली, आणि पिराजीमामांनी स्वतः पहिला कॅन उचलून ओतला. काशाक्का मटकन ओट्यावर बसल्या आणि पदराने तोंड पुसायला लागल्या.

सगळे माझ्याभोवती जमले. कुणी पेढे आणले, पूजेचेच. इंगवले साहेबांनी शेवटी चेअरमनसाहेबांचा फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “एक लिटरही नासलं नाही साहेब. सगळं आमच्या स्नेहलने वाचवलं.” मग फोन ठेवून ते मामांकडे वळले. “पण पिराजीराव, आता कानाला खडा लावा. पूजेच्या नावाखाली मशीन बंद करायच्या नाहीत. तुमच्या हट्टापायी आज केवढं आक्रीत झालं असतं.”

मामांनी मान खाली घातली. दिवसभर दोन-दोन कॅन उचलणारा तो माणूस एवढासा झाला. “चुकलं साहेब,” म्हणाले.

मी पेढा हातात धरून उभी होते. मी गप्प राहिले असते तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. ती ओळ वाचू शकणारं माणूस तालुक्यात मीच एकटी होते. उद्या सकाळी निवांत पुसून टाकली असती, आणि माझी पाटी टेबलावर तशीच चमकत राहिली असती.

“मामांचं चुकलेलं नाही,” मी म्हटलं. “मशीन बंद केल्याने काही होत नाही. मी प्रोग्रॅममध्ये तीन वर्षांपूर्वी एक चुकीची ओळ लिहिली होती. मशीन चालू झाली की ती ओळ सगळी मांडामांड मोडते आणि पहिल्यापासून करायला लावते. आज जे झालं ते माझ्यामुळे झालं.”

साहेबांचा रुमाल हातातच राहिला. मी थांबले असते तर तेवढ्यावरही भागलं असतं. पण मला अजून अर्धं सांगायचं होतं.

“आणि आज पहिल्यांदा झालेलं नाही. मी जुनी यादी बघितली. चार सप्टेंबरला संध्याकाळी लॅबची एक मशीन कुणीतरी बंद करून चालू केली होती. पंचवीस मिनिटं सगळं अडलं होतं. एकवीस सप्टेंबरला सकाळीही तसंच. रुबिना, आठवतंय?”

“माउस अडकला होता,” रुबिना हळूच म्हणाली. “दोन्ही वेळेला. जरा वेळ हळू चाललं, मग आपोआप झालं की.”

“तेवढ्या वेळात बाकीच्यांचं दूध टिकलं. जे शेवटी होते त्यांचं टिकलं नाही. साहेब, चार आणि एकवीस सप्टेंबर. सावळदऱ्याचे दोन्ही लाल शेरे त्याच तारखांचे आहेत.”

इंगवले साहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना रागवावं की काय करावं हे कळत नव्हतं. मग ते ऑफिसात गेले, शेऱ्यांचं रजिस्टर घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर वजनकाट्यावर ते उघडून दोन्ही लाल शेऱ्यांवर काट मारली. खाली सही केली. “ते पत्रही मागे घेतो,” म्हणाले. “आणि तुझं काय करायचं ते दसऱ्यानंतर बघू.” बघितलं त्यांनी, दोन तास बोलणी खाल्ली मी. पण तो विषय वेगळा.

काशाक्का ओट्यावरून उठल्या होत्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या आता मुस्काटात मारणार अशी माझी खात्री झाली होती, आणि मी ती चपराक खाल्लीही असती.

“म्हंजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “आमचं कॅन?”

“साफ होते, आक्का. दोन्ही वेळेला.”

“साफ हुतं?”

“एकदम साफ.”

“महिनाभर आमी सोडा लावून कॅन घासलं. नखं गेली बायकांची. कुणाच्या घरची बादली घाण हाय, यावरनं गावात भांडणं झाली. सगळ्यांनी मिळून त्या सुंदराचं नाव घेतलं. नवी सून हाय, गरीब हाय, वाडीच्या टोकाला ऱ्हात्या, तिच्याच बादलीनं नासतंय म्हनून. तिचं दूध बंद केलं आमी. मीच केलं.” त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. “फोन दे तुझा.”

मी फोन दिला. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक चिठोरी काढून नंबर लावायला लावला.

“सुंदरा? काशाक्का बोलत्ये. उद्या सकाळी दूध घेऊन ये. … व्हय, तूच. तुझी बादली साफ हुती. … कोण म्हनतंय म्हंजे? जिनं चूक केली तीच म्हनत्या. थांब, बोल तिच्याशी.”

आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला. अकरा माणसं, रुबिना, महादू, साहेब, मामा, सगळे बघत होते. मी फोन कानाला लावला.

“सुंदराताई, मी दूध संघातून बोलते, स्नेहल मगदूम. दूध नासलं ते माझ्या प्रोग्रॅममधल्या चुकीने नासलं. तुमचा त्यात काही दोष नव्हता.”

पलीकडून एक अगदी बारीक, पण पक्का आवाज आला.

“बाई, जरा थांबा. फोन स्पीकरवर टाकत्ये. सासूबाई हितंच हायत, शेजारच्या बी आल्यात. आता परत सांगा. मोठ्यानं सांगा.”

मी त्या पालथ्या कॅनवर पुन्हा चढले, छातीत श्वास भरून घेतला, आणि अख्ख्या सावळदऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, माझी चूक ओरडून सांगितली.